काळ्या मातीला धाग्यांची वेसण

आमच्या वऱ्हाडात प्रत्येक गावाला दोन जमिनी असतात. एक काळी आणि एक पांढरी. काळी म्हणजे वावर, पिकाची जमीन. पांढरी म्हणजे गावठाण, राहायची जमीन. जुन्या कागदपत्रांतही हे दोन शब्द याच अर्थाने येतात. पांढरीची माती खरोखरच पांढुरकी असते, कारण पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंतींची आणि चुलीतल्या राखेची ती बनलेली असते. माझे आजोबा म्हणायचे, "काळीत पेरावं अन् पांढरीत निजावं." आजोबा सातवी पास. पण थर्ड इयरला सॉइल मेकॅनिक्सच्या पुस्तकात 'एक्स्पान्सिव्ह सॉइल' हा धडा आला, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचीच आठवण झाली. त्या पंचवीस पानांचे सार त्यांनी पाच शब्दांत सांगून ठेवले होते.

पुढे गावठाणे भरली. दर्यापूर काय, मूर्तिजापूर काय, अकोट काय, तालुक्याची सगळी गावे वाढत वाढत काळीत शिरली. वावरांचे एनए झाले, चुन्याच्या रेघा पडल्या, दगड रोवले गेले आणि 'ले-आउट' तयार झाले. अशाच एका ले-आउटमध्ये २०१२ साली आमचे घर झाले. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पीएफचे कर्ज आणि आईच्या दोन पाटल्या एवढ्या भांडवलावर तीन खोल्या उभ्या राहिल्या. पाया सगळे घेतात तेवढाच घेतला, चार फूट. पहिली दोन वर्षे मजेत गेली. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली आणि जिन्यासारखी पायरी-पायरीने वर चढत गेली. पावसाळ्यात समोरचे दार लागेना, उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून हात जाई. बाबा दर दिवाळीला भेगा लांबीने बुजवायचे आणि दर मे महिन्यात त्या पुन्हा उघडायच्या.

म्हणून फायनल इयरला प्रोजेक्टची यादी लागली आणि त्यात 'कृत्रिम धागे मिसळून काळ्या मातीचा फुगवटा कमी करणे' असा विषय दिसला, तेव्हा बाकीचा ग्रुप 'सॉफ्टवेअरवालं काहीतरी घेऊ गं, लवकर होतं' म्हणत असताना मी हट्टाने तोच घेतला. घरी फोन केला. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "मग त्या धाग्यांनी आपलं घर थांबेल का?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला आख्खे वर्ष लागले. हा लेख म्हणजे ते उत्तर. कॉम्प्युटर आणि मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये, कारण आपले हॉस्टेलही काळ्या मातीवरच उभे आहे. तळमजल्याच्या व्हरांड्यातल्या फरश्या का उचलल्यात आणि बाथरूमचे दार जुलैतच का अडकते, हे शेवटपर्यंत वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

दोष कुणाचा?

मातीचा नाही. ती तिच्या स्वभावाने वागते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यांचा बेसाल्ट झाला, आणि बेसाल्ट झिजून ही माती. तिच्यातला खरा खोडकर म्हणजे 'मॉन्टमोरिलोनाइट' नावाचे खनिज. (नाव फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलाँ या गावावरून पडले, पण गुण सगळे आमच्या गावचे!) त्याची रचना पापडांच्या चळतीसारखी असते. एकेक पापड जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. दोन पापडांमधली पकड इतकी ढिली की पाणी सहज आत शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारते. अशा असंख्य चळती एकदम फुगल्या की जमीन वर उचलली जाते. पाणी गेले की सगळे पुन्हा खाली बसते आणि भेगा पडतात.

शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ ८०० चौरस मीटरपर्यंत भरते. म्हणजे दहा ग्रॅम, चहाचे दोन चमचे म्हणा, उलगडून पसरले तर फुटबॉलचे मैदान झाकून वर उरेल. आता एवढ्या मैदानाला तहान लागल्यावर काय होणार?

आमच्याकडे त्यात आणखी एक भर आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला पट्टा 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. विहिरीचे पाणी खारे, मातीत सोडियम जास्त. कॅल्शियमवाल्या चिकणमातीपेक्षा सोडियमवाली चिकणमाती जास्त फुगते. शिवाय काळीचा थर खोल, खाली मुरूम कुठे लागतो ते शोधायला बराच खड्डा खणावा लागतो.

आणि घर तरी किती वजनाचे? एकमजली घराच्या पायाखाली जमिनीवर चौरस मीटरला तीन-चार टन भार येतो. काळी माती भिजताना खालून जो दाब देते, ज्याला आपण स्वेलिंग प्रेशर म्हणतो, तो वाईट मातीत वीस-तीस टनांपर्यंतही जाऊ शकतो. म्हणजे आमचे घर जमिनीवर 'उभे' नव्हतेच. ते बैलाच्या पाठीवर बसलेल्या बगळ्यासारखे होते. बैल हलला की बगळा हलणार.

रॉकेलची गंमत

फुगवटा मोजायची सगळ्यात सोपी टेस्ट आयएस २७२० च्या ४० व्या भागात आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली माती दहा-दहा ग्रॅम घ्यायची. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तास ठेवायचे आणि मातीने किती जागा घेतली ते वाचायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, कारण त्याच्या रेणूंशी या पापडांचे जमत नाही. पाण्यातले रीडिंग रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्क्यांनी जास्त, तो 'फ्री स्वेल इंडेक्स'. तो १०० आला तर समजायचे की पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दुप्पट झाली.

रॉकेल हल्ली सहजी मिळत नाही. लॅबच्या मामांनी कपाटात एक कॅन जिवापाड जपून ठेवला आहे आणि त्यातले वीस मिलिलिटर जास्त घेतले तरी ते, "मॅडम, रेशनचं कार्ड आणलं का?" असे विचारतात. मी आमच्या प्लॉटमधली माती एका सिमेंटच्या गोणीत भरून एसटीने आणली होती. कंडक्टरने लगेजचे तिकीट फाडले आणि विचारले, "काय आहे यात?" मी म्हटले, "माती." त्याने पुढचे काही विचारले नाही.

नळी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. रॉकेलमधली माती तळाशी शहाण्यासारखी बसली होती. पाण्यातली फुगून जेलीसारखी वर आली होती. दर दिवाळीला लांबीचे डबे कुठे जातात ते त्या नळीत दिसत होते.

आधीच्यांनी काय केले

या मातीशी झगडणारे आपण पहिले नव्हे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने 'अंडर-रीम्ड पाइल' रूढ केला. खाली कांद्यासारखा फुगीर केलेला हा खांब साडेतीन-चार मीटर खोल जातो. तिथे उन्हाळा-पावसाळ्याचा फारसा परिणाम पोचत नाही. घर त्या खांबांवर उभे राहते आणि वरची माती खुशाल फुगो-आटो. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट काढली. काळ्या मातीत साधारण मीटरभर खाली गेल्यावर ती भिजूनही फुगत नाही, हे त्यांनी पाहिले आणि त्यावरून न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर वरून देण्याची 'सीएनएस' पद्धत मांडली. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ती वापरली गेली आणि आज ती आयएस ९४५१ मध्ये आहे.

तिसरा उपाय चुन्याचा. चुना मातीतल्या सोडियमला हुसकून त्या जागी कॅल्शियम बसवतो, नंतर हळूहळू सिमेंटसारखे बंध तयार करतो. म्हणजे तो मातीचा स्वभावच बदलतो. पण चुन्याची माती कडक होते तशी ठिसूळही होते. आणि मातीत सल्फेट जास्त असेल तर चुना घातल्याने उलट नवा फुगवटा येऊ शकतो. औषधाचेच दुखणे!

गव्हांडा ते पॉलिप्रॉपिलीन

धाग्यांची कल्पना मात्र आपल्या घरातलीच आहे. मातीची भिंत लिंपायची असली की गव्हांडा किंवा कुटार मातीत कालवून, पाणी घालून काही दिवस कुजत ठेवतात आणि मग पायाने तुडवतात. नुसत्या मातीचा गिलावा वाळला की तडकतो, गव्हांड्याचा तडकत नाही. शेणाने सारवलेली जमीन भेगाळत नाही, त्यातही शेणातल्या न पचलेल्या काड्यांचा हात असतो. आजीला 'टेन्साइल स्ट्रेंग्थ' म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. काडी नसेल तर भिंत फाटते, एवढे ठाऊक होते.

इंजिनिअरिंगमध्ये हीच गोष्ट १९६० च्या दशकात आली. फ्रान्सच्या हेन्री व्हिडाल यांनी मातीत धातूच्या पट्ट्या घालून 'रीइन्फोर्स्ड अर्थ' बनवले. पट्ट्या शिस्तीत मांडायच्या, आरसीसीतल्या सळ्यांसारख्या. पुढे १९८० च्या दशकात ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूत सुटे धागे मिसळून तिची ताकद मोजली. आणि मग लोक चिकणमातीकडे वळले.

आमचे धागे पॉलिप्रॉपिलीनचे. प्लास्टरमध्ये घालायला पुडीत मिळतात तेच. पांढरे, १२ मिलिमीटर लांब, केसाहून बारीक. पाणी पीत नाहीत, कुजत नाहीत, मातीतल्या क्षारांना भीत नाहीत. ऊन तेवढे सोसत नाही, पण मातीच्या पोटात ऊन येणार कुठून?

प्रमाण वाचून हसू येते. मातीच्या कोरड्या वजनाच्या पाव टक्का, अर्धा टक्का, फार तर एक टक्का. प्रॉक्टरच्या हजार घनसेंटिमीटरच्या साच्यात दीड किलो माती धरली तर अर्ध्या टक्क्याने साडेसात ग्रॅम धागे. एवढ्याने काय होणार? मग एका रात्री मेसचे दही येईपर्यंत मी नॅपकिनवर हिशेब केला. धाग्याचा व्यास ०.०३५ मिलिमीटर आणि घनता ०.९१ धरली तर एका ग्रॅममध्ये जवळपास लाखभर धागे येतात. म्हणजे आमच्या एका साच्यात सात लाख! ताटावर बसलेल्या कुणाचाच यावर विश्वास बसला नाही. मेकॅनिकलच्या एकीने स्वतः करून पाहिले, तेव्हा गप्प झाली.

मिसळणे हे दुसरे प्रकरण. पंखा चालू असेल तर धागे मातीऐवजी लॅबभर जातात. म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात पंखा बंद. एकदम ओतले तर त्यांचे कापसासारखे गोळे होतात आणि मातीत ते गोळे म्हणजे ताकद नव्हे, पोकळ्या. म्हणून आधी मातीवर पाणी शिंपडायचे, मग चिमटी-चिमटीने धागे भुरभुरायचे, हाताने चोळायचे, पुन्हा चिमूट. एका साच्याला तास जायचा. एक टक्क्याच्या वर गेलो की काही केल्या मिसळेनात. कपड्यांना, केसांना, बॅगेला धागे. मेसच्या पोह्यात काही लांबडे दिसले की सगळ्या जणी माझ्याकडे बघायच्या. "काकू, केस नाही हो तो, पॉलिप्रॉपिलीन आहे," हे मी वर्षभर सांगत होते.

पेपर एक बोलतो, दुसरा दुसरेच

लिटरेचर सर्व्हे सुरू झाला आणि आमची झोप उडाली. टेक्सासमध्ये आनंद पुप्पाला आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० साली दोन फुगणाऱ्या मातींवर प्रयोग करून लिहिले, की धाग्यांनी ताकद वाढली, आकुंचन कमी झाले, स्वेलिंग प्रेशरही कमी झाले. पण माती मोकळेपणाने फुगू दिली, तर धाग्यांनी फुगवटा उलट वाढला! आयआयटी मुंबईचे विश्वनाधम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ चा पेपर म्हणतो की धाग्यांनी फुगवटा कमी झाला, आणि सर्वांत जास्त कमी झाला तो लांबड्या धाग्यांनी नव्हे, लांबी-रुंदीचे गुणोत्तर कमी असलेल्या आखूड धाग्यांनी.

ग्रुपमधली एक म्हणाली, "आता आपण काय लिहायचं? कमी होतो की वाढतो?"

आम्ही गाईड सरांकडे गेलो. वाटले होते, सर एक बाजू सांगतील. सरांनी ती सांगितली नाही. म्हणाले, "तुमचा एक साचा फोडा आणि मला सांगा, धागे आडवे पडलेत की उभे."

आम्ही साचा फोडला. पाहिले. बहुतेक धागे आडवे.

नंतर विचार केल्यावर ते साहजिकच वाटले. माती तीन थरांत भरतो, प्रत्येक थरावर २६०० ग्रॅमचा ठोकळा पंचवीस वेळा आपटतो. सात लाख धागे उभे राहतील कसे? मार बसला की झोपणार. साइटवर रोलर फिरला तरी तेच. आणि माती फुगते कुठे? बाजूंना जागा नसते, म्हणून वर. आडवा पडलेला धागा वर जाणाऱ्या मातीला सरळ ओढून धरू शकत नाही. तो जे काही धरतो ते तिरपे धागे, मातीशी होणारे घर्षण आणि गुंतागुंत यांच्या जोरावर. घट्ट दाबलेल्या, वर ओझे असलेल्या मातीत ही पकड चांगली बसते. ओझे नसेल तर पकडही ढिली आणि धाग्यांच्या कडेने पाण्याला शिरायला वाटही मिळत असावी. दोन पेपरांतल्या माती वेगळ्या, धागे वेगळे, टेस्ट वेगळ्या. त्यामुळे दोन्ही खरे असू शकतात, आणि 'धाग्याने फुगवटा कमी होतो' हे वाक्य दाब, घनता आणि धाग्याची लांबी सांगितल्याशिवाय अर्धवटच राहते.

रॉकेलची टेस्ट इथे अजिबात कामाची नाही, हेही तेव्हाच लक्षात आले. नळीत माती सुटी असते. धाग्याला धरायलाच काही नाही, तर तो कुणाला आवरणार?

पण सरांच्या प्रश्नात दुसरे उत्तर दडलेले होते. उन्हाळ्यात माती वाळते तेव्हा भेग कशी पडते? उभी. आणि ती उघडते कशी? आडवी, दोन्ही काठ एकमेकांपासून दूर. म्हणजे आडवे झोपलेले धागे बरोबर भेगेला आडवे येतात! जुळ्या रुळांना धरणाऱ्या स्लीपरसारखे. आम्ही दोन ताटल्यांत माती थापली, एकीत धागे, एकीत नाही, आणि दोन्ही गच्चीवर वाळत ठेवल्या. साध्या मातीत चार-पाच मोठ्या भेगा आरपार गेल्या, आत बोटाचे नख जाईल अशा. धाग्यांच्या मातीत बारीक रेघांचे जाळे झाले, पण एकही भेग आरपार गेली नाही. जवळून पाहिले तर प्रत्येक रेघेत पांढरे धागे ताणलेले दिसत होते.

आता फुगवट्याशी याचा संबंध काय? संबंध आहे, आणि आमच्या मते तोच महत्त्वाचा. मृगाचा पहिला पाऊस येतो तेव्हा वावराला हातभर भेगा असतात. पाणी वरून हळूहळू मुरत नाही, भेगेतून थेट खोल उतरते आणि तिथली माती फुगवते. मोठी भेगच पडली नाही तर पाणी एवढ्या खाली, एवढ्या लवकर आणि एवढे कमीजास्त पोचणार नाही. घर फुटते ते नुसत्या फुगण्याने नाही. एक कोपरा फुगला आणि दुसरा नाही, म्हणून फुटते. धागा पावसाळ्यात जेवढे काम करतो, त्याहून जास्त उन्हाळ्यात करून ठेवतो.

म्हणून मी याला वेसण म्हणते. वेसणीने बैलाचे बळ कमी होत नाही, तो गाय होत नाही. मातीतला मॉन्टमोरिलोनाइट जिथल्या तिथे असतो, त्याची तहान तेवढीच. चुना त्याचा स्वभाव बदलतो, धागा फक्त आवरतो. म्हणूनच दोघे एकत्र चांगले नांदतात. चुन्याने फुगवटा घटतो, धाग्याने चुन्याचा ठिसूळपणा घटतो.

मग वापरायचे कुठे?

जिथे माती उकरून, मिसळून, दाबून पुन्हा भरायची आहे तिथे. रस्त्याचा सबग्रेड, रस्त्याच्या बाजूपट्ट्या, बांधाचे उतार, नव्या घराच्या फरशीखालचा भराव. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर दोन-तीन टक्क्यांवर येतो, तिथे थोडी मदतही मोलाची. पण हिशेब करून. शंभर चौरस मीटरच्या प्लॉटवर मीटरभर खोल माती म्हणजे शंभर घनमीटर. अर्ध्या टक्क्याने साडेसातशे किलो धागे. ते चिमटी-चिमटीने कोण भुरभुरणार? शेतातला रोटाव्हेटर फिरवता येतो, पण चिकणमाती ओली असेल तर ढेकळे फुटत नाहीत आणि कोरडी असेल तर धागे उडतात.

आणखी एक गोष्ट आमच्या रिपोर्टात सरांनी मुद्दाम लिहायला लावली. पॉलिप्रॉपिलीन कुजत नाही हा गुण, आणि कुजत नाही हाच दोष. एकदा मातीत मिसळलेला धागा कुणी वेचून काढू शकत नाही. आज रस्ता आहे, उद्या ती माती उकरून कुणाच्या वावरात पडली तर? काळी ही शेवटी पिकाची जमीन आहे. प्लास्टिकचे बारीक कण मातीत आणि पाण्यात कुठवर पोचतात याची आज जगभर चिंता आहे. काथ्याचे, तागाचे धागे आहेत, पण ते काही वर्षांत कुजतात. तात्पुरत्या कामाला ते बरे. कायमच्या कामाला काय, हा प्रश्न उघडाच आहे.

बाबांना दिलेले उत्तर

डिसेंबरच्या सुट्टीत घरी गेले. बाबांना सगळे चित्र काढून दाखवले. मग सांगितले, "बाबा, धागे आपल्या घराखाली घालता येत नाहीत. त्यासाठी घरच उचलावं लागेल."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. वर्षभर ते शाळेत सगळ्यांना सांगत होते, की पोरगी आमच्या घरासाठी शोध लावतेय. मग म्हणाले, "म्हणजे काहीच नाही होत?"

होते. पण ते धाग्यांचे काम नाही, पाण्याचे आहे. माती आत-बाहेर, उन्हाळा-पावसाळा शक्य तेवढी एकसारखी ओली राहिली पाहिजे. गच्चीचे पाणी भिंतीच्या बुडाशी पडत होते, ते पाइपने नालीपर्यंत नेले. घराभोवती दीड मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली पट्टी केली. मोरीचा चेंबर गळत होता, तो दुरुस्त केला. सगळ्यात अवघड होते ते आईचे. तिने पश्चिमेच्या भिंतीला लागून मोगरा आणि जास्वंद लावली होती आणि रोज दोन बादल्या पाणी घालत होती. त्या बाजूची माती बारा महिने भिजलेली आणि पूर्वेची वाळून भेगाळलेली. भेग नेमकी त्या दोघींच्या मधल्या भिंतीत. मोगरा कुंडीत गेला. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

मग भेगांवर काचेच्या छोट्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या. भेग हलली की काच फुटते, ही जुनी पद्धत आहे. चार पट्ट्या लावल्या होत्या. एक पावसाळा गेल्यावर एक फुटलेली होती, तीन शाबूत. बाबांनी त्या दिवाळीला लांबीचा डबा आणला नाही. एका पावसाळ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "शिक्षक मी आहे. मला माहीत आहे."

जाता जाता, ज्युनिअर्ससाठी

आमच्या रिपोर्टातली एक जागा रिकामी आहे, ती तुम्ही भरावी म्हणून हा लेख. आम्ही प्रत्येक नमुना एकदाच भिजवला. जमीन मात्र दरवर्षी भिजते आणि दरवर्षी वाळते. धाग्याची पकड पहिल्या पावसाळ्यात जेवढी, तेवढीच पाचव्यात राहते का? ओल्या-कोरड्या फेऱ्या देऊन बघायला वेळ लागतो, आणि आमचे सेमिस्टर संपले. ज्यांचे घर काळीवर आहे अशा कुणी हा विषय घ्यावा. कंटाळा येणार नाही, एवढे नक्की.

लॅबच्या डाव्या रॅकवर खालच्या कप्प्यात उरलेल्या धाग्यांची पिशवी आहे, आमच्या प्लॉटची अर्धी गोणी मातीही आहे. रॉकेल मामांकडे मागा. पंखा बंद करायला विसरू नका.